मायच्या उशाखालची फिल्म

विमल,

काल शाळेत तुझी शोकसभा झाली. हेडमास्तर उभे राहिले आणि म्हणाले, "विमलबाई अत्यंत मितभाषी होत्या." मितभाषी! माझ्या शेजारी बसलेल्या ड्रॉईंगच्या मास्तरांना ठसकाच लागला. तू आठवीत शिकवत असलीस की पलीकडे नववीत मला कविता शिकवता यायची नाही, एवढा तुझा आवाज, आणि म्हणे मितभाषी. मी तिथंच उठून सांगणार होते, की अहो सर, गेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलावं हे ठीक आहे, पण म्हणून खरं बोलायला बंदी थोडीच आहे? पण बोलणं राहून गेलं.

सगळ्यांनी तुझी डिग्री सांगितली, नोकरी सांगितली, शिस्त सांगितली. तुझं ते खो खो हसणं कोणी सांगितलं नाही. म्हणून मी लिहायला बसले. तुलाच लिहिते, कारण दुसऱ्या कोणाला तुझ्याबद्दल सांगायला लागले की मला रडू येतं, आणि तुझ्याशी बोलायला लागले की भांडण सुचतं. भांडण बरं. भांडताना तू आहेस असं वाटतं.

तू आर्वीहून एस.टी.नं आमच्या रोहण्याच्या शाळेत यायला लागलीस, तेव्हा पहिल्याच महिन्यात तू तेव्हाच्या हेडमास्तरांचा ट्रान्झिस्टर पळवला होतास. बाहेर कसोटीची कॉमेंटरी चाललेली, आणि तू अगदी गरीब गाईसारखं तोंड करून म्हणालीस, "सर, पाचच मिनिटं द्या, पोरींना दाखवायचं आहे." मी रिकाम्या तासाला दारात उभी राहून बघत होते. तू तो ट्रान्झिस्टर आधी गोधडीत गुंडाळलास. चालू राहिला. मग लाकडी पेटीत ठेवलास. तरी चालू. मग पिठाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवलास आणि झाकण दाबून बसवलंस. बंद! मुली एकमेकींकडे बघायला लागल्या. एक हुशार पोरगी म्हणाली, बाई, डब्यात आवाज अडला. तू लगेच घड्याळाचा गजर लावून ते घड्याळ त्याच डब्यात ठेवलंस. गजर दबका का होईना, ऐकू येत होता. "म्हणजे आवाज नाही अडला," तू म्हणालीस. "आवाजाच्या आधी जे काही हवेतून इथपर्यंत येत होतं, ते अडलं." इतक्यात खिडकीतून हेडमास्तरांचा काकुळतीला आलेला आवाज, "बाई, आऊट कोण झालं?" तू झाकण उघडलंस, ऐकलंस, आणि सांगितलंस. तेही गंभीर चेहऱ्यानं.

मग तू शिकवलंस ते मला अजून पाठ आहे, आणि मी मराठीची बाई आहे, हे लक्षात घे. रेडिओची लाट, चुलीची धग, दिव्याचा उजेड, उन्हातला तो न दिसणारा भाग ज्यानं कातडी काळवंडते, दवाखान्यातला एक्स-रे आणि त्याच्याही पलीकडचे गॅमा किरण, ही सगळी एकाच आईची लेकरं. चालण्याचा वेग सगळ्यांचा सारखा, पावलं तेवढी लहानमोठी. रेडिओची ढांग शेताच्या एका धुऱ्यापासून दुसऱ्या धुऱ्यापर्यंत, आणि गॅमाचं पाऊल इतकं बारकं की कशानं मोजणार. "पण बारकं म्हणून गरीब समजू नका बरं," तू म्हणालीस, "ज्याचं पाऊल बारीक त्याचा टोला जबर." कुणीतरी अल्फा आणि बीटाचं विचारलं. "ते या घरचे नाहीत. ते कण आहेत. एकाच दुकानातून बाहेर पडतात म्हणून लोक त्यांनाही किरण म्हणतात, एवढंच." मी त्या दिवशी दारात उभी राहून जळले. सायन्सच्या बाईनं इतकं देखणं मराठी बोलावं म्हणजे काय! आम्ही मग काय शिकवायचं? हे तुला कधी बोलले नाही. तू आधीच शेफारलेली होतीस.

मधल्या सुट्टीत तू आमच्या घरी यायला लागलीस. घर शाळेच्या मागंच. माझी सासू, जिला नवऱ्याचं ऐकून ऐकून मीही मायच म्हणायला लागले, ती तुला चहा करून द्यायची. प्रेमानं द्यायची, आलं किसून. पण कप वेगळा. निळ्या फुलांचा, कान तुटलेला, ओसरीच्या कोनाड्यात ठेवलेला. तू चहा प्यायचीस, कप स्वतः विसळायचीस आणि परत कोनाड्यात ठेवायचीस. मायचं आपलं चालू राहायचं, "विमलबाई मोठी गुनाची बाई आहे, पन जात..." आणि मी चिडून भांडी आपटायचे. छप्पनलाच तुम्ही बुद्धाच्या धम्मात गेलात, जात मागं टाकून आलात, आणि आमच्या कोनाड्यात ती अजून कान तुटलेल्या कपात बसली होती. मी तुला विचारलंही, "काऊन पितेस वं त्या कपातून? नको म्हण ना." तू म्हणालीस, "चहा चांगला असते तुह्या सासूचा." आणि हसलीस. ते उत्तर मला तेव्हाही पटलं नव्हतं, आजही पटत नाही.

मग माय आजारी पडली. सेवाग्रामच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं, गर्भपिशवीच्या तोंडाशी कॅन्सर आहे, पण वेळेवर आल्या, नागपूरला जाऊन पूर्ण शेक घेतला तर बऱ्या होतील. पूर्ण, हा शब्द त्यांनी दोनदा उच्चारला. किरणांच्या त्या उपचाराला गावात बिजलीचा शेक म्हणायचे. माझे हे मायला घेऊन नागपूरला एका नातेवाइकाकडे राहिले, रोज दवाखान्यात नेऊन आणायचे. अर्धा शेक झाला आणि मायचं रक्त कमी झालं, तेव्हा डॉक्टर म्हणाले, थोडे दिवस घरी न्या, खाऊ-पिऊ घाला, मग उरलेला घ्यायला या.

माय घरी आली आणि ह्यांनी तिची खाट बैलांच्या कोठ्याशेजारच्या खोलीत टाकली. ताट वेगळं, लोटा वेगळा, लुगडी वेगळी उकळायची. शेजारच्या लहान पोरांना तिकडं फिरकायची बंदी. आणि मला तर सक्त मनाई, कारण लग्नाला बरीच वर्षं झाल्यावर पहिल्यांदा मला दिवस गेले होते. हे माणूस म्हणून वाईट नव्हते, तुला माहीत आहे. आईसाठी जीव टाकणारा माणूस. पण त्यांनी जे डोळ्यानं पाहिलं होतं त्याचा अर्थ त्यांनी स्वतःच लावला होता. म्हणाले, "मायले टेबलावर झोपवते, आन् सगळे बाहेर पयते. डॉक्टर पयते, नर्स पयते. भितीएवढं जाड दार लावते. माय एकटी आत. ज्याले एवढे शिकलेले डॉक्टर भेते, थे मायच्या अंगात भरून राह्यलं. आन् तुह्या पोटात लेकरू." मलाही भीती वाटत होती, खोटं कायले सांगू.

मायला सगळं कळत होतं. आयुष्यभर तिनं चार दिवस बाहेर बसणं पाळलं, मलाही पाळायला लावलं. आता म्हातारपणी पुन्हा बाहेर बसवली. एक दिवस दारातूनच मला म्हणाली, "सुनबाई, मी आता नागपूरले जात नाई. सांग त्याले. जित्ती रायून नातवाले शिवता येत नसन, तं तो शेक कायले घेऊ? मरू द्या मले." तिचा आवाज अगदी साधा होता, पाणी मागावं तसा. माय हट्टी, हे अख्ख्या गावाला माहीत. तिनं नाही म्हटलं म्हणजे नाही. आणि उरलेला शेक घेतला नाही तर ती जाणार, हेही आम्हाला माहीत.

मी स्टाफरूममध्ये तुझ्यापाशी रडले. तू डबा बंद केलास, म्हणालीस, "चल." येता येता तू ओसरीत थांबलीस. कोनाड्यात तुझ्या निळ्या कपाशेजारी एक पितळी फुलपात्र ठेवलं होतं. मायचं. ह्यांनीच ठेवलं होतं, वेगळ्या भांड्यांची जागा तीच म्हणून. त्यांच्या मनातही काही नव्हतं. तू त्या दोघांकडे बघितलंस आणि इतक्या मोठ्यानं हसलीस की कोठ्यातला बैल बिचकला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तू मात्र सरळ मायच्या खोलीत गेलीस आणि तिच्या खाटेवर बसलीस. माय अंग चोरून ओरडली, "अवं, दूर! दूर बस!"

"माय, दूर बस म्हनून राह्यल्या, थे कोनत्या कारनानं?" तू विचारलंस. "जुन्या का नव्या?"

मायनं पदर तोंडाशी धरला. मग तू तिचा हात हातात घेतलास आणि म्हणालीस, "तुमच्यातून कोनतेच किरन निघत नाईत. माह्यातूनही निघत नव्हते." बस, एवढंच. सुनावणं नाही, भाषण नाही. माय भिंतीकडे तोंड करून रडायला लागली आणि तू तिचा हात धरून तशीच बसून राहिलीस. सुट्टी संपल्याची घंटा झाली तरी बसून राहिलीस. शिस्तप्रिय म्हणे!

ह्यांना मात्र एवढ्यानं पटण्यासारखं नव्हतं. संध्याकाळी तुमची ओसरीत जुंपली. तू म्हणालीस, दिवा मालवला की भिंतीवर उजेड राहत नाही, तसं मशीन बंद झालं की अंगात काही राहत नाही. हे म्हणाले, "मंग तवा? जाळ काढून घेतला तरी तवा चटका देते ना, बाई? शेक म्हनते त्याले. शेकलेली वस्तू गरम रायतेच." तू गप्प झालीस. विमल, तू गप्प! मला वाटलं, संपलं आता. पण तू म्हणालीस, "भाऊ, सवाल पक्का आहे. दोन दिवस द्या." मला तुझी ती गोष्ट फार आवडायची. शेतात राबणाऱ्या माणसानं विचारलेला प्रश्न तू कधी झटकून टाकला नाहीस.

दोन दिवसांनी तू आलीस ती काळ्या कागदातलं काहीतरी घेऊन. आर्वीला एक्स-रे काढणारा एक जण तुझ्या ओळखीचा होता. त्याच्या अंधाऱ्या खोलीत बसून तू एका कोऱ्या फिल्मचे तीन तुकडे केले होतेस, प्रत्येक तुकडा काळ्या कागदात घडी घडी करून बांधला होतास. ही फिल्म किरण लागले की काळी पडते, कागद बांधलेला असला तरी. एक तुकडा मायच्या उशाखाली ठेवायचा. दुसरा शाळेच्या कपाटात. तिसऱ्यावर तिथल्या तिथं मशीनचा एक झटका मारून आणला होतास. "भाऊ, उशाखालचा तुम्हीच ठेवा, तुम्हीच राखा, तुम्हीच काढा. मंग म्हनू नका बाईनं बदलला." ह्यांनी तो तुकडा स्वतः ठेवला, आणि आठवडाभर इतका पहारा दिला की माय वैतागून म्हणाली, "कागदाले राखते, मायले नाई."

आणि तव्याचं उत्तरही तू आणलं होतंस. "तव्यात धग साचते, म्हनून हात लावला का चटका बसते. पन हे किरन साचत नाईत. जिथं लागले तिथं आपलं काम करते आन् तिथंच सरते. भाऊ, तुम्ही गहू उन्हात वायवता. दिवसभर ऊन खाल्लं त्यानं. घरात आनल्यावर कोठीत उजेड पडते का?" हे बराच वेळ दाढी खाजवत राहिले. मग म्हणाले, "आन् डॉक्टर काऊन पयते?" "डॉक्टर रोज कितीतरी लोकायले शेक देते. तो रोज आत उभा राह्यला, तं आजार नसताना त्याले रोज शेक बसन. ज्याले ताप नाई, त्यानं रोज गोळी काऊन खावी?"

तू हे बोलत होतीस तेव्हा मी तुझ्याकडे बघत होते. घाम आला होता तुला. का, ते मला नंतर बसस्टॉपवर कळलं. "शालू, त्या एक्स-रेवाल्यानं फिल्म धुताना जराशी हयगय केली ना, थोडा उजेड लागू दिला ना, तर मायची फिल्म काळी येईल. मग मी किती शपथा घेतल्या तरी ऐकणार कोण? देवाचं नाव मी घेत नाही, म्हणून आठवडाभर एक्स-रेवाल्याचंच घेतेय." आणि परत तेच हसणं. आज सांगते, त्या दिवशी एस.टी. गेल्यावर मी कितीतरी वेळ तिथंच उभी होते. तुझी इज्जत, मायचा जीव, सगळं एका कागदाच्या घडीत बांधून तू आमच्या दारात ठेवलं होतंस. आमच्या घरानं तुला काय दिलं होतं बदल्यात? कान तुटलेला कप.

फिल्म धुऊन आल्या. ह्यांनी स्वतः आर्वीला जाऊन आणल्या. अंगणात उन्हात उभं राहून एकेक वर धरली. कपाटातली निळसर कोरी. मशीनचा झटका बसलेली काळी ठिक्कर. मायच्या उशाखालची कपाटातल्यासारखीच, निळसर, कोरी, पलीकडचं लिंबाचं झाड दिसावं इतकी स्वच्छ. हे खोलीत गेले, मायची खाट एकट्यानं उचलली आणि माजघरात आणून टाकली. मग कोठ्यात जाऊन बैलाच्या पाठीवर हात फिरवत कितीतरी वेळ उभे राहिले.

पण माय ती मायच. मधल्या सुट्टीत तू डबा घेऊन आलीस तेव्हा म्हणाली, "फिल्लमले काय समजते? कागद तो. मी नाई जात नागपूरले. विमल, तू खाशीन माह्या हातची भाकर?" तुझं उत्तर मी मरेपर्यंत विसरणार नाही. "मी तं केव्हाची तयार आहो, माय. तुम्हीच आजवर माह्या डब्यातलं खाल्लं नाई."

बाप्पा! माय उठली. अंगात ताकद नव्हती, भिंत धरत धरत चुलीपाशी गेली, ज्वारीचं पीठ मळलं, भाकर थापली. मग तुझ्यासमोर बसून तुझा डबा स्वतःच्या हातानं उघडला. तुझ्या डब्यात त्या दिवशी वांग्याची भाजी होती, जरा जास्तच तिखट. मायनं घास घेतला आणि तिचे डोळे भरून आले. "तिखट आहे," म्हणाली. "हो, तिखटच आहे," तू म्हणालीस, आणि तुझ्याही डोळ्यांत पाणी होतं. मी कुणाला न विचारता मध्ये बसले आणि त्याच ताटातली भाकर मोडली. पोटातलं पोर लाथा मारत होतं. हे दारात उभे होते, पण मला कोणी थांबवलं नाही. जेवण झाल्यावर माय उठली, कोनाड्यातला तुझा कप आणि तिचं फुलपात्र उचललं आणि घरातल्या भांड्यांत नेऊन मांडलं. पुढच्याच आठवड्यात ती नागपूरला गेली.

उरलेला शेक झाला, आणि तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं, आता शेवटी रेडियम आतून ठेवावं लागेल, दोन-तीन दिवस. मला वाटलं, तू येऊन म्हणशील, काही होत नाही, चल. तू आलीस आणि म्हणालीस, "शालू, आता मात्र तू जायचं नाही. अजिबात नाही." हे भडकले. "आधी म्हने काई नाई, आता म्हने दूर राहा. बाई, एक काय ते सांगा!" दुसरी कोणी असती तर सावरून घेतलं असतं, थोडं लपवलं असतं. इतक्या कष्टानं बसवलेला विश्वास होता. तू मात्र सगळं सांगितलंस. आधी दिवा बाहेर होता, मालवला की संपला. आता दिवाच आत ठेवणार आहेत. जोवर आत आहे तोवर त्याचे किरण मायच्या अंगाबाहेरही येणार. काढून घेतला की तीच माय, तशीच कोरी. मायनं विचारलं, "म्हंजे आता खरा विटाळ?" "विटाळ नाई, माय. विटाळ मानसाचा पाळते. हा दिव्याचा हिशोब आहे."

तू रजा टाकून तिच्यासोबत गेलीस. माय आत एकटी, हलायचं नाही, कुशीवर वळायचं नाही. आणि तू दाराबाहेर जिथपर्यंत परवानगी होती तिथं उभी राहून ओरडून ओरडून तिच्याशी गप्पा मारत होतीस. आमच्या शाळेतली सगळी भांडणं तिथल्या वॉर्डाला कळली असतील. नर्स रागावली, "बाई, हा दवाखाना आहे." तू म्हणालीस, "म्हणून तर दुरून बोलते आहे." माय घरी आल्यावर कितीतरी दिवस हे सगळ्यांना सांगायची आणि हसता हसता पोट धरायची. रेडियम काढल्याबरोबर आत पहिली कोण गेली, तेही सांगायची. तू गेली होतीस आणि तिचे केस विंचरून दिले होतेस.

मुलगी झाली. पहिली अंघोळ मायनं घातली. तुला आठवतं का, तू पाळण्यात वाकून त्या एवढ्याशा जीवाला म्हणाली होतीस, "हिला सायन्स शिकवीन, मराठी नाही"? ती आता चौथीत आहे. गणितात कच्ची आहे आणि निबंध झकास लिहिते. या भांडणात मी जिंकले, तेवढं ऐकून घे.

पण एक भांडण राहिलंच. त्या कपाचं. इतकी वर्षं तो कप तू का तोंडाला लावलास? एकदा नाही, रोज. मी नंतरही विचारलं, एकदा तळेगावच्या बाजारात, एकदा आमच्या अंगणात. तू म्हणायचीस, सांगेन कधीतरी. मला वाटायचं तू सहन करत होतीस, आणि त्याचा मला राग यायचा. तुझाही, मायचाही, माझाही. कधी वाटायचं तू मायला ओळखत होतीस, वाट बघत होतीस. मग वाटतं, हे मी माझ्या सोयीसाठी म्हणते आहे. तुला दुखत असणारच. आम्हाला बरं वाटावं म्हणून तू हसत होतीस की काय, कोण जाणे. आता हे मला कोणी सांगणार नाही. तू कावीळ घेऊन आठवड्यात निघून गेलीस. एवढी काय घाई होती वं तुला? कॅन्सरची म्हातारी जगवलीस आणि स्वतः काविळीनं गेलीस. याला काय म्हणावं? मी तुझ्यावर रागावले आहे, विमल, आणि तुझ्याइतकं मोठं माणूस मी जवळून पाहिलेलं नाही. दोन्ही खरं आहे.

परवा तुझ्या आर्वीच्या घरी आलो. माय हट्टानं आली. आता तिला नीट चालवत नाही, तरी आली. पांढऱ्या कपड्यांतली तुमची माणसं, त्रिशरण चाललेलं, आणि त्यात माय तुझ्या उशाशी जाऊन बसली, कपाळावर हात ठेवून. उठायलाच तयार होईना. शेवटी तुझ्या भावानं हाताला धरून उठवलं.

घरी आल्यावर मी सगळ्यांसाठी पाणी तापवलं. मायनं अंघोळ केली, आणि ओसरीच्या कोपऱ्यात घोंगडी टाकून बसली. मला वाटलं थकली. संध्याकाळी जेवायला बोलावलं तर म्हणाली, माझं इथंच आणून दे, देवाला शिवणार नाही, दहावं होईपर्यंत. मी विचारलं, काय झालं? "सुतक आहे." कोणाचं? ती माझ्याकडे अशी बघायला लागली की जणू मीच वेडी.

तुला हे आवडलं नसतं. मला माहीत आहे. वेगळं बसण्याविरुद्ध तू जन्मभर भांडलीस, आणि ही बाई तुझ्याच नावानं वेगळी बसली. तुझ्या वतीनं मी तोंड उघडलं. तुझेच सगळे मुद्दे मांडले, जेवढे मला येतात तेवढे. तिनं ऐकून घेतलं आणि घोंगडी नीट केली.

आज दुपारी तुझा भाऊ आला, शाळेतलं तुझं सामान न्यायला. ओसरीत मायला तशी बसलेली पाहून त्यानं विचारलं, मी सांगितलं. तो संकोचला. तिच्यासमोर उकिडवा बसून हळूच म्हणाला, "माय, आमच्यात सुतक नसते. तुम्ही त्रास नका करून घेऊ."

"तुमच्यात नसन, बापा," माय म्हणाली. "माही लेक गेली. मले आहे."

तुझा भाऊ तिथंच खाली बसला, आणि मग मायच्या मांडीवर डोकं ठेवून मोठ्यानं रडला.